फाईल संस्थेची, पेटी मुलाची

बालगृहात प्रत्येक मुलामागे एक फाईल असते. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे तिच्यात बाल कल्याण समितीचे आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, काळजीचा वैयक्तिक आराखडा. मूल कधी पळालं, हे तिथे तारखेसकट सापडतं. पहिला दात कधी पडला, हे बहुधा नाही. घरी ते आजी सांगते. इथे कर्मचारी बदलतात, आणि सांगणारं माणूसच जातं.

म्हणून मुलाची स्वतःची पेटी हवी. झाकण घट्ट लागणारा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. आत काय ठेवायचं, ते मूल ठरवील. मोठ्यांनी फक्त लिहायला मदत करावी.

समजा, पेटीत एक फोटो आहे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना चार मुलं. मागे मऊ पेन्सिलीने लिहावं: चवथ (गणेश चतुर्थी), साल, जागा, डावीकडून नावं. बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढून उमटतात. चिकट पानांचे अल्बम नकोतच. डिंक पिवळा पडतो, फोटो सुटत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दवाखान्याची थर्मल कागदावरची पावती काही काळाने कोरी होते. लगेच झेरॉक्स काढावी. मूळ दाखले लॅमिनेट करू नयेत.

आणि हे फोटो स्टेटसला लावायचे नाहीत. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची बंदी आहे.

खरी अडचण नावात. आपल्याकडे एकच आडनाव रोमी लिपीत पोर्तुगीज वळणानेही लिहितात, इंग्रजी वळणानेही. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या रजिस्टरात दुसरं, आधारवर तिसरंच. दहावीचा अर्ज भरण्याआधी तिन्ही शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडावं. एकदा मंडळाच्या गुणपत्रिकेवर चूक छापली गेली, की धावपळ वाढते.

पंधराव्या वर्षी आधारसाठी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. तेव्हाच जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा, ते पाहावं. तो अधीक्षकांचा असेल, तर संस्था सोडल्यावर ओटीपी त्यांच्याच फोनवर जाणार, आणि त्यांची तोवर बदली झालेली असणार. अठरा व्हायच्या आधी मुलाचं सिम घेणं जमत नसेल, तर नंबर बदलायचं काम निरोपाच्या यादीत पहिलं लिहावं.

गोव्यात सरकारी नोकरीसाठी मामलेदारांचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. संस्था बदलत वाढलेल्या मुलाकडे घरपट्टी नसते, वीजबिल नसतं. त्याच्या हाती असतात शाळेचे दाखले आणि समितीचे आदेश. प्रत्येक बदलीच्या वेळी त्यांची एकेक प्रत पेटीत पडलीच पाहिजे.