ड्रेनसह घरी: स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरची निगा

नमस्कार. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनी आणि घरी त्यांची शुश्रूषा करणारी माणसे आज येथे बसली आहेत, म्हणून मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे: काखेजवळून बाहेर आलेली नळी आणि तिच्या टोकाची डबी, म्हणजेच ड्रेन, आणि तो निघेपर्यंतचे घरातले दिवस. ‘ड्रेन लावून घरी पाठवतात म्हणजे उपचार अर्धवट सोडला का?’ असे अनेक नातेवाईक घाबरून विचारतात. तसे मुळीच नाही. नीट शिकवले तर हे काम घरी व्यवस्थित होते.

स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्यावर त्वचेखाली पोकळी उरते, आणि तेथल्या बारीक लसिकावाहिन्या (शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) कापल्या गेल्यामुळे त्या पोकळीत पाणी झिरपत राहते. ते साचले तर टाक्यांवर ताण येतो, जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. ड्रेन हे पाणी बाहेर काढतो, त्याचबरोबर आतल्या हलक्या ओढीने वरची त्वचा खालच्या स्नायूवर टेकवून धरतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना चिकटतात. ही ओढ डबी दाबून बंद केल्यामुळे निर्माण होते. शाईच्या पेनाची रबरी नळी दाबून सोडली की शाई वर चढते, तसेच हे आहे. म्हणून फुगलेली डबी तशीच अंगावर बाळगण्यात अर्थ नाही. रिकामी करून दाबलेली डबी पाणी न येताच थोड्या वेळात पुन्हा फुगत असेल, तर कोठून तरी हवा शिरते आहे; बूच आणि जोड तपासावा, आणि तरीही फुगली तर रुग्णालयात कळवावे.

डबी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी रिकामी करावी, आणि मधेच अर्धी भरली तर तेव्हाही करावी. आधी साबणाने हात धुवावेत. नळीवरची क्लिप बंद करावी, बूच उघडून पाणी मापाच्या कपात ओतावे, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये, डबी पूर्ण दाबून तशीच दाबलेली असताना बूच लावावे, आणि मग क्लिप उघडावी. या शेवटच्या पायरीपाशी मी मुद्दाम थांबते, कारण क्लिप उघडायची राहून जाणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. संध्याकाळी डबीत काहीच आलेले नसते, घरच्यांना बरे वाटते, आणि सकाळी छातीवर फुगवटा दिसतो. पाणी एकदम थांबले तर आनंद मानण्याआधी क्लिप पाहावी, आणि नळी कपड्याखाली मुडपली आहे का तेही पाहावे. नळीत दोऱ्यासारख्या गुठळ्या दिसतात, त्यांना घाबरू नये. डॉक्टरांनी सांगितले असेल तर एका हाताने त्वचेजवळ नळी घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा व तर्जनीने ती डबीच्या दिशेने निपटत न्यावी. पहिला हात सुटला, तर ताण थेट टाक्यावर येतो.

आता वहीविषयी. डबीवरच्या खुणा अंदाजाच्या असतात, म्हणून कप सपाट जागी ठेवून नजरेच्या पातळीवर आकडा वाचावा आणि लगेच लिहावा. एक ड्रेन छातीला आणि एक काखेत असेल, तर दोन्हींचे आकडे वेगळे लिहावेत, कारण ते बहुधा एकाच दिवशी काढत नाहीत. सर्वसाधारणपणे 24 तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी पाणी सलग दोन दिवस आले की ड्रेन काढण्याचा विचार होतो. नेमकी मर्यादा तुमचे डॉक्टर ठरवतात. तो निर्णय तुमच्या वहीवरून होतो. नळीचा कंटाळा येतो, 40 चे 30 लिहावेसे वाटते, आणि ही इच्छा मला पूर्ण समजते. पण ड्रेन घाईने निघाला तर पाणी आतच साठते आणि मग ते सुईने काढण्यासाठी पुन्हा पुन्हा यावे लागते. मी अगदी कळकळीने सांगते, जो आकडा दिसेल तोच लिहा.

पहिल्या दिवसांत लाल, मग गुलाबी आणि पुढे फिकट पिवळे पाणी येणे हा नेहमीचा क्रम आहे. याच्या उलट झाले, म्हणजे पिवळे पाणी पुन्हा गडद लाल झाले किंवा डबी ताज्या रक्ताने भराभर भरू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, नळीभोवती पसरणारी लाली, पू, दुर्गंधी, छातीवर वाढणारी सूज, यांपैकी काहीही दिसले तरी त्याच दिवशी कळवावे. नळी बाहेर सरकली तर ती आत ढकलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. स्वच्छ गॉझने जागा झाकून रुग्णालय गाठावे. नळीच्या तोंडाशी हळद, पावडर किंवा घरगुती लेप लावू नये.

डबी नेहमी जखमेच्या पातळीखाली असावी. समोरून उघडणारा गाऊन आणि गळ्यात अडकवायची कापडी पिशवी यांनी दिवस पुष्कळ सोपा होतो. लोंबती नळी दाराच्या कडीत किंवा खुर्चीच्या हातात अडकते, म्हणून ती पिशवीतच ठेवावी. आंघोळीऐवजी अंग पुसावे, जोवर डॉक्टर परवानगी देत नाहीत. आणि ड्रेन आहे म्हणून हात छातीशी आवळून बसू नये, नाहीतर खांदा आखडतो. बोटे, मनगट, कोपर हलते ठेवावे. खांदा किती उचलायचा हे फिजिओथेरपिस्टना विचारावे. ड्रेन असेपर्यंत बहुधा खांद्याच्या उंचीपर्यंतच हात नेण्यास सांगतात.

ड्रेन काढताना क्षणभर ओढल्यासारखे वाटते. त्या छिद्रातून एक-दोन दिवस थोडे पाणी येऊ शकते, त्यासाठी गॉझ पुरते. नंतर काखेत किंवा छातीवर मऊ, हलणारा फुगवटा जाणवला तर तो घरी दाबून काढू नये; पाणी साठले असेल तर बाह्यरुग्ण विभागात निर्जंतुक सुईने ते काढता येते, आणि त्यासाठी पुढच्या तारखेपर्यंत थांबण्याची गरज नसते.