सावकाराची हवेली: हेअरवुड हाउस

खिडकीवरच्या या झालरी नीट बघा. जाड रेशमी कापडाच्या वाटतात ना? लाकडाच्या आहेत. चुणीन् चुणी कोरून वर रंग दिलाय. ही करामत फर्निचर घडवणाऱ्या थॉमस चिपेंडेलची. इथून काही मैलांवरच्या ऑटलीतल्या सुताराचा हा मुलगा, आणि त्याच्या हयातीतलं हे सगळ्यात मोठं काम.

इंग्लंडमधल्या लीड्सजवळचं हे हेअरवुड हाउस. 1759 मध्ये पाया घातला, 1771 मध्ये मालक राहायला आले. इमारत जॉन कारची, आतली सजावट रॉबर्ट अ‍ॅडमची, बाहेरचं तळं ‘केपॅबिलिटी’ ब्राउनचं. पैसे टाकून जे जे उत्तम मिळत होतं, ते इथे आलं.

पैसे टाकणारा एडविन लॅसेल्स, जन्म कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचा. कमाई मात्र वडिलांची.

हेन्री लॅसेल्स 1715 पासून बार्बाडोसच्या ब्रिजटाउन बंदरात जकात वसूल करायचा. बेटावरून बाहेर जाणाऱ्या मालावर साडेचार टक्के जकात. त्यात त्याने हात मारल्याचे आरोपही झाले. पण नुसत्या जकातीवर असली हवेली उठत नाही. हेन्री गुलामांच्या व्यापारात होता, लंडनमध्ये त्याची साखरेची पेढी होती, आणि मुख्य म्हणजे तो मळेवाल्यांना कर्ज द्यायचा. गहाण काय? जमीन, आणि तिच्यावर राबणारी माणसं. कर्ज थकलं की दोन्ही सावकाराच्या घशात. 1770 नंतर, एडविनच्या काळात, हजारो एकर मळे असेच घराण्याकडे आले. माझ्या मते या घराण्याची खरी कारागिरी ही.

1833 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला. नुकसानभरपाईसाठी 2 कोटी पौंड मंजूर झाले, तेही मालकांना. लॅसेल्स घराण्यातल्या हेअरवुडच्या अर्लला (उमरावाला) 1,277 माणसांपोटी 26 हजार पौंडांहून अधिक मिळाले. त्या माणसांना छदामही नाही. उलट ‘उमेदवार’, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून 1838 पर्यंत त्याच मळ्यांवर राबणं आलं. आणि सरकारने त्यापायी काढलेलं कर्ज पुरतं फिटलं 2015 साली!

बार्बाडोसमधला शेवटचा मळा लॅसेल्सनी विकला 1975 मध्ये.

2011 मध्ये हवेलीच्या तळघरात जळमटांखाली काही बाटल्या सापडल्या. आत बार्बाडोसची रम, 1780 ची. लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला. मिळालेले पैसे लीड्समध्ये कॅरिबियन कला जपणाऱ्या एका संस्थेला दिले गेले.