गोदाम विकणे आहे, माणकोली

मशीद बंदरहून निघालेला टेम्पो ठाणं मागे टाकून नाशिक हायवेला लागतो आणि भिवंडीजवळच्या माणकोली नाक्याच्या आसपास दोन्ही बाजूंना पत्रेच पत्रे दिसू लागतात. निळे, पांढरे, गंजलेले. मुंबईत कुणीतरी काल रात्री मागवलेला मिक्सर बहुधा यातल्याच एखाद्या छपराखाली पडून असेल.

एका फाटकावर पाटी आहे. ‘गोदाम विकणे आहे. दलालांनी तसदी घेऊ नये.’ फाटक उघडायला येतो तो दलालच.

आत जाण्याआधी एक प्रश्न. गोदामांनी हीच गावं का धरली? माणकोली, दापोडा, काल्हेर, राहनाळ, वळ?

जकातीमुळे. मुंबईत माल शिरायचा तर मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात मोजावी लागे. विकला जाण्याआधीच मालात पैसा अडकायचा. भिवंडीभोवतालच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती कटकट नव्हती. शिवाय एका हाताला न्हावाशेवा बंदर, दुसऱ्या हाताला आग्रा रोड. व्यापाऱ्याने हिशेब केला, शेतकऱ्याने जमीन दिली आणि भातखाचरांत शेड उभ्या राहिल्या.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. आता इथलं बस्तान उठणार, असं वाटणं साहजिक होतं. झालं उलटंच. परराज्यात विकलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर वाचवायला राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवणाऱ्या कंपन्यांना ती गरज उरली नाही. त्यांना थोडी, पण अवाढव्य गोदामं हवी झाली.

त्यात समृद्धी महामार्ग. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातलंच. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता इथे येऊन थांबतो. दलाल जो भाव सांगतो, त्यात तो रस्ता केव्हाच धरलेला आहे.

आता आत चला.

जुना गाळा आहे. छप्पर पंधरा-सोळा फुटांवर. माथाडी पाठीवरून पोती उतरवायचे तेव्हा एवढी उंची पुरायची. आज रॅक लावून फोर्कलिफ्ट फिरवायची तर चाळीसेक फूट लागतात. कोबा ठोकून पाहावा, पोकळ आवाज येतो का. मोठ्या रॅकचं वजन पेलायला दर चौरस मीटरला पाच टन सोसणारी जमीन मागतात. इथे कोपऱ्यात आत्ताच भेग आहे. बाहेर चाळीस फुटी कंटेनर वळेल का? दलाल म्हणतो, “वळतो की.” आम्ही तासभर उभे होतो. एक ट्रेलर आला, तीनदा मागेपुढे झाला आणि शेवटी रस्त्यावरच उभा राहिला.

भिंतीला नवा रंग आहे, पण फक्त कमरेपर्यंत. वर जुना, मळका, खाली चकचकीत. कारण विचारलं तर “जरा टचअप केलंय.” बोटाने खरवडलं तर रंगाखालून ओल लागते. भाताचं खाचर म्हणजे मुळात पाणी धरणारी जमीन. जोत्याची उंची वाढवली नाही तर पाऊस दरवर्षी आपली जागा शोधत येतो. विकत घेणाऱ्याने गोदाम जानेवारीत पसंत करावं, पण पुन्हा एकदा जुलैत येऊन पाहावं.

आणि कागद. या पट्ट्यातलं किती बांधकाम परवानगी घेऊन झालं, हा विषय काढला की समोरचा चहा मागवतो. बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमनचा दाखला. इथल्या नियोजनाचा अधिकार एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती दाखवून कुणी ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणालं तर हसून मान डोलवावी आणि वकील गाठावा.

चहा येतो. फाईलही येते, पातळशी. सातबारा वरच लावलेला आहे. नमुना सातवर चार भावांची नावं, इतर हक्कांत पतसंस्थेचा बोजा. खाली नमुना बारा, पिकांची नोंद. आपण उभे आहोत त्याच गटाची, याच कोब्याखालच्या जमिनीची. हंगाम खरीप, पीक भात.