फसफसलं म्हणजे साफ झालं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'खाण्याचा सोडा आणि आम्ल : प्रमाणाचा हिशोब'. हिशोबाकडे येतोच, पण आधी मला थोडं भांडून घ्यायचंय.

मोबाइलवरचे ते व्हिडिओ तुम्हीही पाहिलेत. सिंक तुंबलं? टाका वाटीभर सोडा, वर ओता व्हिनेगर. फस्सऽऽ! आणि खाली बदामांची रांग. हसू नका, त्यातले काही बदाम या हॉलमधूनच गेले असणार.

आमच्या शेजारच्या काकूंनी हा प्रयोग केला. फेस काठापर्यंत आला, काकू खूश. पाणी मात्र जागचं हलेना. मग पुन्हा सोडा, पुन्हा व्हिनेगर. शेवटी मला बोलावणं आलं, "तुम्ही केमिस्ट्रीचे ना, बघा जरा." केमिस्ट्रीच्या माणसाला लोक दोनच कामांना बोलावतात, तुंबलेलं सिंक आणि नातवाचा ज्वालामुखीचा प्रोजेक्ट. सामान दोन्हीकडे तेच! मी म्हटलं, प्लंबरला बोलवा. त्याने खालचा ट्रॅप उघडला. आत थिजलेलं तूप, त्यात रुतलेली भाताची शितं आणि कढीपत्त्याची एक काडी. एवढ्या फेसाने त्या तुपाचा टवकासुद्धा निघाला नव्हता.

निघणार कसा? सोडा सौम्य अल्कली, व्हिनेगर सौम्य आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, म्हणजे एका मिठाचंच. वरचं तोंड उघडं असताना वायू खाली कशाला जोर लावेल? बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे थर धरतात ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यांना नुसतं व्हिनेगर लावून ठेवा, सुटतात. ओट्याचा ओशटपणा ओल्या सोड्याने घासा. पण वेगवेगळं! एकत्र केलंत की दोघांचेही पैसे वाया.

हं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. बरं, आता भरभर.

ढोकळ्यात आपल्याला तो वायूच हवा असतो. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम वायू. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम सोडा पुरता खर्ची पडला तर १.४ लिटरच्या आसपास. पण तो खर्ची पडायला ८४ ग्रॅमला ६४ ग्रॅम सायट्रिक आम्ल लागतं. लिंबाच्या रसात ते साधारण ५-६ टक्के. म्हणजे चमचाभर सोड्याला ७० मिलिलिटर रस, दोन-तीन लिंबं. आपण पिळतो अर्धं! पिठात ताक असलं तर तेवढीच भर.

उरलेला सोडा वाफेवर तापून फुटतो. वायू अर्धाच देतो आणि मागे सोडियम कार्बोनेट ठेवतो, म्हणजे धुण्याचा सोडा. ती साबणासारखी चव त्याचीच. आणि ढोकळ्यावरचे लाल ठिपके? कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तेच. सोड्याचा कण न विरघळता जिथे बसला तिथे ठिपका. म्हणून सोडा कमी घ्या, गुठळ्या मोडून घ्या.

आम्ल भेटल्याबरोबर वायू सुटायला लागतो. तेव्हा आधी पाणी उकळत ठेवा, मगच सोडा घाला, आणि घातल्यावर बहिणीचा फोन घेऊ नका. बेकिंग पावडरमध्ये आम्ल कोरडं मिसळलेलं असतं, सोबत ओल शोषायला स्टार्च. तरी दमट हवेत तिचा जोर जातो. जुना डबा असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर टाकून द्या. नुसता सोडा असा वाया जात नाही, त्याची परीक्षा लिंबाच्या थेंबाने घ्या.

थांबतो. प्रश्न जिन्यात विचारा, पुढच्या कार्यक्रमाचे तबलजी दारात उभे आहेत.