व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

माणूस महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी येतो. वजन भरलेलं असतं, चेहरा उजळलेला असतो, घरात गोडधोड होतं. आणि पंधरा दिवसांत तो पुन्हा त्याच टपरीमागे उभा दिसतो. गाव म्हणतं, पैसे पाण्यात गेले. आज मला या पंधरा दिवसांबद्दलच बोलायचं आहे. केंद्र कुठे आहे, भरती कसं करायचं, हे आता बऱ्याच घरांना ठाऊक असतं. घरी आल्यावर काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

त्यासाठी जरा लांब जाऊ. १९७१ साल. अमेरिकेची फौज व्हिएतनाममध्ये होती, आणि तिथे हेरॉइन रस्त्याच्या कडेला, छोट्या कुप्यांमध्ये मिळत होतं. स्वस्त, आणि जवळजवळ शुद्ध. इतकं शुद्ध की सुई टोचायची गरजच नाही. सिगारेटमधली थोडी तंबाखू काढायची, भुकटी भरायची आणि ओढायची. आपल्याकडचं गर्द म्हणजे याच हेरॉइनचं कच्चं, भेसळ केलेलं रूप.

त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या संसदेतले दोन सदस्य व्हिएतनामहून परतले आणि म्हणाले, दहा-पंधरा टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेलेत. देश हादरला. ही हजारो पोरं आता गावोगावी उतरणार! राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जूनमध्ये खास कार्यालय उघडलं आणि डॉ. जेरोम जॅफी या मनोविकारतज्ज्ञाकडे सोपवलं. जॅफींनी नियम केला: घरी जायचंय ना, आधी लघवीची तपासणी. अंश सापडला तर विमानात जागा नाही. तिथेच थांबायचं, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा शरीराचा त्रास, काढायची, शुद्ध व्हायचं, मगच घर.

पुढे या पोरांचं काय होतं, हे शोधायचं काम सेंट लुईसच्या संशोधक ली रॉबिन्स यांच्याकडे आलं. सप्टेंबर १९७१मध्ये परतलेले सुमारे नऊशे सैनिक निवडले गेले. आठ ते बारा महिन्यांनी मुलाखतकार त्यांना गाठत गेले. मुलाखत घ्यायची आणि लघवीचा नमुनाही. नुसत्या शब्दावर विश्वास नाही.

निघालं काय? दर पाच सैनिकांतला एक जण म्हणाला, होय, मी तिथे पुरता अडकलो होतो. आता पुढचा आकडा नीट ऐका. असे जे अडकले होते, त्यातले घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले शंभरात पाच. पुन्हा सांगतो, शंभरात पाच. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी शंभरात बारा. त्या काळी अमेरिकेतल्या इस्पितळांत हेरॉइनवर उपचार घेतलेले बहुतेक रुग्ण काही महिन्यांत परत घसरत. त्यामुळे रॉबिन्सबाईंवर लोकांचा विश्वास बसेना. त्यांना पुढे कित्येक वर्षं उत्तरं द्यावी लागली.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. सगळे समजत होते की पोरं लढाईच्या भीतीने नशा करू लागली. पण बहुतेकांनी लढाई बघण्याआधीच सुरुवात केली होती. मिळत होतं, सोबती घेत होते, वेळ जात नव्हता, म्हणून. आपल्या तालुक्याच्या गावातली कारणं काय वेगळी आहेत? सात वाजता वाचनालयाला कुलूप लागतं, मैदानावर दिवा नसतो. संध्याकाळी तरुण पोराने बसायचं कुठे? नगरपालिकांनी व्यसनमुक्तीचे फलक लावण्याआधी वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

असो. सैनिक सुटले कशाने? विकणारा मागे राहिला. सोबती पांगले. ती छावणी, तो कंटाळा, सगळं मागे राहिलं. अमेरिकेत घरी माल महाग, पकडले जाण्याची भीती, आणि आईबापांची नजर. हेही खरं की त्यांचं व्यसन फार जुनं नव्हतं आणि बहुतेक जण ओढत होते, टोचत नव्हते. म्हणून व्यसन सोडणं सोपं असतं, असा अर्थ यातून काढू नका. अर्थ एवढाच की तलफ जागेला चिकटलेली असते.

आपला पेशंट नेमका उलटा प्रवास करतो. सैनिक नशेच्या जागी शुद्ध झाला आणि नशा नसलेल्या जागी आला. आपला माणूस लांबच्या केंद्रात शुद्ध होतो आणि नशेच्या जागी परत येतो. तेच स्टँड, तोच पगाराचा दिवस, तोच मित्राचा हॉर्न. हे दिसलं की शरीर आपोआप तयारीला लागतं. हाताला घाम, पोटात कालवाकालव. मनात विचार येण्याआधीच. याला नाटक म्हणू नका.

गाव सोडता येत नाही, मग गावातल्या वाटा बदला. पहिले तीन महिने कामावर जायचा रस्ता दुसरा. सिमकार्ड नवं. पगार आईच्या किंवा बायकोच्या खात्यात, आणि मोबाईलवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप काढून टाकायचं, कारण आता पावडरवाला रोकड मागत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ माणूस एकटा नको, उपाशीही नको. तलफ साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कोणाशी तरी बोलत काढायचा, पोटात काहीतरी घालायचं. आणि कृपा करून लग्न लावून देऊ नका. 'बायको आली की सुधारेल' म्हणत एका मुलीचं आयुष्य पणाला लावतात, हे मला अजिबात मान्य नाही.

गोळ्यांबद्दल. दारू सोडलेल्याला डॉक्टर डायसल्फिरम देतात. ती त्याच्या माहितीत, सकाळी, समोर उभं राहून द्यायची. चहात किंवा भाजीत गुपचूप कालवायची नाही. त्यावर तो दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. पुन्हा सांगतो, गुपचूप नाही. गर्दवाल्यांसाठी बुप्रेनॉर्फिन असते, जिभेखाली ठेवायची. पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच देतात, आधी दिली तर टर्की उसळते. ती काही महिने, कधी काही वर्षं चालते. 'एक नशा सोडून दुसरी धरली' म्हणून घरच्यांनी मध्येच बंद पाडू नये.

रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून त्याची दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हात थरथरतात, भास होतात, माणूस ओळखत नाही. हे इस्पितळातच सांभाळायचं असतं. साखळीने बांधणं तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महिनाभर शुद्ध राहिलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. तो घसरला की जुन्याच मापाने घेतो, आणि जुनं माप आता त्याचा श्वास थांबवू शकतं. गर्दवाला घोरल्यासारखा आवाज करतोय, ओठ निळे, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून उठत नाही, तर झोपलाय समजू नका. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा. दूध नाही, मिठाचं पाणी नाही, तोंडात काहीच घालायचं नाही. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं, त्याने श्वास परत येतो. पण त्याचा असर गर्दच्या आधी उतरतो, म्हणून लगेच घरी आणू नका.

आणि घसरलाच, तर त्याला बाहेर काढू नका, चार दिवस लपवूही नका. त्याच दिवशी समुपदेशकाला फोन. कुठे होता, सोबत कोण होतं, खिशात किती होते, हे लिहून घ्या. पुढच्या वेळी कोणती वाट टाळायची, ते त्यातच दिसतं.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. क्रमांक १४४४६. एक, चार, चार, चार, सहा. पेशंट तयार नसला तरी घरच्यांनी फोन केला तर चालतो.