मिरचीशिवाय भरीत

नमस्कार श्रोतेहो. १४९२ साली कोलंबस निघाला तो मिऱ्यांच्या शोधात. मिरे राहिले, हाती लागली मिरची. १४९८ ला वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे उतरली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, आलं. पुन्हा सांगतो, मिरे आपले, मिरची अमेरिकेची. नाव तेवढं आपण मिऱ्यावरून पाडलं.

केळी मात्र उलटी, अमेरिकेकडे गेली, केळीवाल्या रावेरच्या मंडळींनी ऐकावं. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा नावाच्या पाद्र्यानं कॅनरी बेटांवरून केळी कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर नेली. गहू, घोडे, गायीही तिकडे गेल्या. देवीचा रोगही गेला, आणि तिथली गावंच्या गावं ओस पडली.

तर मी कॉलेजात होतो. हिवाळा, अमळनेरकडचं शेत, भरताची पार्टी. बामणोदची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, आणि आमचे आबा बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचत बसलेले. मिक्सरमधून काढतात त्याला मी भरीत म्हणतच नाही, आमच्या सूनबाई ऐकत असतील तर ऐकू देत. मी शहाणपणानं म्हटलं, "आबा, मिरची परदेशी आहे."

"मंग काढ," आबा म्हणाले. मिरच्या बाजूला झाल्या.

"आखो काय?"

"शेंगदाणे. दक्षिण अमेरिकेचे."

दाणेही गेले. तेवढ्यावर थांबावं ना! मी सांगून बसलो, की ही पऱ्हाटी ज्या कपाशीची, तीसुद्धा मूळ मेक्सिकोकडची, आपली देशी कपाशी वेगळी. आबांनी विस्तवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

राहिलं काय? वांगी, कांद्याची पात, लसूण, कोथिंबीर, मीठ. वर मिरपूड. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आली. आबांनी घास घेतला, बराच वेळ चावला.

"हाई भरीत शे का दवाखानानं जेवन?"

उठले, बाजूच्या मिरच्या स्वतः निखाऱ्यावर टाकल्या, करपेपर्यंत भाजल्या आणि दाण्यांसकट बडगीत ठेचल्या. सगळे खोकत खोकत जेवले. अर्धी भाकरी झाल्यावर आबांनी हळूच विचारलं, "भाकरनी जवारी तरी आपली शे ना?"

ज्वारी, श्रोतेहो, फार जुन्या काळी आफ्रिकेतून आलेली. मी म्हटलं, "हो आबा, आपलीच."