सांगलीचे विजय हजारे: ५९५ बळी घेणारा फलंदाज

नमस्कार मंडळी! विजय हजारे म्हटलं की आज आधी ट्रॉफी आठवते, पन्नास षटकांची. ज्या माणसाच्या नावानं ती खेळली जाते तो जन्मला आपल्या सांगलीत, ११ मार्च १९१५ ला. स्मृती मानधना सांगलीची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. हजारे सांगलीचे, हे मात्र सांगावं लागतं. आणि ज्यांना ठाऊक असतं तेही त्यांना फलंदाज म्हणूनच ओळखतात. आमच्या मते हजारे अष्टपैलू होते, तेही पहिल्या प्रतीचे. कसे, ते आकड्यांतूनच बघू.

आधी मोजायचं कसं ते घ्या. फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांनी भागायचं नाही, किती वेळा बाद झाला त्यानं भागायचं. हजारेंच्या ३० कसोटी, ५२ डाव, त्यातले ६ नाबाद. म्हणजे बाद ४६ वेळा. २१९२ भागिले ४६, आले ४७.६५. गोलंदाजीत दिलेल्या धावा भागिले बळी: १२२० भागिले २०, म्हणजे ६१. आता फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची वजा करा. उत्तर जितकं मोठं, तितका अष्टपैलू भारी, असा साधा ठोकताळा आहे.

[स्क्रीनवर तक्ता]

गॅरी सोबर्स: ५७.७८ वजा ३४.०३, उरले २३.७५. इम्रान खान: १४.८८. कपिल देव: १.४१. आणि हजारे? उणे १३.३५.

इथंच बरेच जण वही मिटतात. थांबा जरा. हाच हिशोब प्रथम श्रेणीच्या सामन्यांवर लावा, म्हणजे कसोटी, रणजी असे अनेक दिवस चालणारे वरच्या दर्जाचे सगळे सामने धरून. २३८ सामने, १८,७४० धावा, ६० शतकं, सरासरी ५८.३८. आणि बळी ५९५, सरासरी २४.६१. वजाबाकी अधिक ३३.७७! सामन्यामागे बरोबर अडीच बळी. हा कामचलाऊ गोलंदाज नव्हे.

मग एकाच माणसाच्या दोन आकड्यांत एवढी दरी का?

सगळ्यात मोठं कारण वय. भारत १९३६ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर खेळला आणि त्यानंतरची कसोटी थेट जून १९४६ ला लॉर्ड्सवर. मधे महायुद्ध. मध्यमगती गोलंदाजाच्या खांद्यात आणि पाठीत खरी ताकद असते ती विशी ते तिशीत. हजारेंची ती सगळी वर्षं देशातल्या मैदानांवर गेली. रणजीतलं पहिलं त्रिशतक त्याच काळातलं, १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध, नाबाद ३१६. पंचरंगी म्हणजे धर्मावरून पाडलेल्या पाच संघांची स्पर्धा; तिथं हजारे ख्रिस्ती म्हणून ‘द रेस्ट’ संघात. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात त्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागी, त्यात विवेकच्या धावा २१! पहिली कसोटी खेळले तेव्हा हजारे ३१ वर्षांचे होते, शेवटची खेळले तेव्हा ३८.

दुसरं कारण म्हणजे संघातलं काम. मोहम्मद निसार १९३६ नंतर कसोटी खेळले नाहीत, अमरसिंग १९४० मध्ये वारले. खरा वेगवान गोलंदाज उरलाच नाही. नवा चेंडू अमरनाथ, हजारे, आपल्या कोल्हापूरचे दत्तू फडकर अशा मध्यमगतीवाल्यांकडे. त्यांनी एक टोक धरून ठेवायचं, म्हणजे तिथून धावा रोखायच्या, मग विनू मंकड आणि गुलाम अहमद यांची फिरकी. हजारेंनी कसोटीत २८४० चेंडू टाकले, सामन्यामागे साधारण १६ षटकं, आणि षटकामागे दिल्या २.५८ धावा. बळी कमी, पण धावाही आवळलेल्या. टोक धरणाऱ्याचं मोल सरासरीत दिसत नाही, ते समोरच्या टोकाच्या गोलंदाजाच्या खात्यात जमा होतं.

आणखी एक. २० बळी हा नमुनाच छोटा. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलिया १०७ मध्ये गारद झाली, त्यात हजारेंचे २९ धावांत ४. हा एक डाव वगळला तर सरासरी ६१ वरून ७४ वर जाते. एका डावानं एवढी हलणारी सरासरी किती मनावर घ्यायची?

त्या सिडनीच्या डावात ब्रॅडमन १३ वर त्रिफळाचीत झाले, गोलंदाज हजारे. पुढं जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला ब्रॅडमननी २०१ केल्या, तिथंही दांडी उडवली हजारेंनीच. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ समोर त्यांनी ११६ आणि १४५ काढल्या. एका कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात आपले सहा जण शून्यावर गेले, समोर वेगवान गोलंदाज लिंडवॉल, ३८ धावांत ७ बळी. त्या डावात १४५! भारत डावानं हरला, म्हणून हा सामना फारसा कुणी काढत नाही. आम्हाला विचाराल तर हजारे समजून घ्यायला एवढी एक धावपत्रिका पुरे.

जाता जाता जिल्ह्यातली एक गोष्ट. कसोटीत २०० बळींचा टप्पा सगळ्यात आधी गाठणारे ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट जत संस्थानात शिकवायला आले होते, आणि हजारेंना त्यांचं मार्गदर्शन मिळालं. आपल्या जतला!

पुढं हजारे कर्णधार झाले. १४ कसोटींत एक विजय, पण तो भारताचा पहिला: फेब्रुवारी १९५२, मद्रास, इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी. मंकडचे डावात ८ आणि ४ बळी. त्याच वर्षी लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद झाले, तेव्हा हजारेंनी ५६ काढल्या, फडकरांनी ६४.

आता सांगली, मिरज, तासगावला क्लबची वही लिहिणाऱ्यांसाठी. अष्टपैलू निवडताना नुसती वजाबाकी करू नका. दहाव्या क्रमांकावर येऊन दरवेळी नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगते, म्हणून नाबाद डाव वेगळे मांडा. बळी तिसाच्या आत असतील तर गोलंदाजीची सरासरी कच्ची धरा. आणि षटकामागे दिलेल्या धावांचा रकाना नक्की ठेवा, सोबत तो गोलंदाज कुठल्या टोकानं, कितव्या षटकाला आला तेही. हजारेंच्या कसोटी सरासरीत नेमका हाच रकाना नाही.